कलमाचा जोड जमिनीखाली: मिनेसोटाची यादी आणि नागपुरातले चोवीस गुलाब

नागपुरातल्या प्रतापनगरसारख्या वस्तीतला जुना बंगला, पश्चिमेला कंपाउंडची भिंत, काळी माती, बोअरचे पाणी. घरात निवृत्त नवरा-बायको, मुलगी अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला. तिच्या अंगणात गुलाब छान येतात. ते ती कसे सांभाळते याची महिनावार यादी तिने आई-बाबांना पाठवली आणि बाबांनी ती अक्षरशः पाळली. प्रकरण नमुना म्हणून मांडले आहे. यातली प्रत्येक चूक नागपुरातल्या कुठल्या ना कुठल्या अंगणात दिसते, इथे त्या सगळ्या एका अंगणात गोळा केल्या आहेत.

काय केले गेले

जुलैत पाऊस स्थिरावल्यावर रोपवाटिकेतून पिशवीतली २४ कलमे आणली: १६ हायब्रीड टी (दांडीला एकेक मोठे फूल) आणि ८ फ्लोरिबंडा (फुलांचे झुपके). दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे, तळाशी शेणखत, वर उकरलेलीच काळी माती. बारा रोपे पश्चिमेच्या भिंतीलगत, बारा घराच्या पूर्वेला. कलमाचा जोड, म्हणजे खालच्या जंगली खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा बसवलेली जागा, जमिनीच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली हवी, असे यादीत होते. तो ८ सेंटिमीटर खाली गेला. लावायला आलेल्या माळ्याने विचारलेही, “काकाजी, डोळा काऊन गाडून राह्यले?” यादी दाखवल्यावर तो गप्प बसला.

ऑगस्टच्या मध्यानंतर खत बंद केले. सप्टेंबरपासून सुकलेली फुले खुडणे बंद केले, त्यामुळे फांद्यांवर बोंडे धरली. ऑक्टोबरात छाटणी झाली नाही. डिसेंबरात पारा १० अंशांखाली जायला लागल्यावर प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक फूट उंच मातीचा ढीग लावला, त्यावर वाळलेला पाला आणि वरून गोणपाट. फेब्रुवारीच्या अखेरीस ढीग काढले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळी झाडे जमिनीपासून २० सेंटिमीटरवर छाटली, युरिया दिला आणि रोज पाणी सुरू केले.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला तेव्हा हिशेब असा होता: ९ झाडे मेली, ६ झाडांचे कलम मरून फक्त खालच्या खुंटाची फूट उरली, ९ झाडांत मूळ जात जिवंत राहिली. या शेवटच्या नवांपैकी सात पूर्वेच्या बाजूची होती.

यादी तिथे बरोबर का आहे

मुलीच्या यादीत एकही ओळ चुकीची नव्हती. मिनियापोलिसला जानेवारीत पारा उणे २० अंशांखाली जाणे नवलाचे नाही. हायब्रीड टी गुलाब शून्याखाली काही अंश सहज सोसतो, पण साधारण उणे १० ते १२ च्या पलीकडे उघड्या फांद्या मरत जातात. मरण शेंड्याकडून खाली उतरते. ते जोडापर्यंत पोहोचले की वरची जात संपते आणि वसंतात उगवतो तो खुंट. अमेरिकेत हा खुंट बहुधा ‘डॉ. ह्यूई’ असतो, त्यामुळे पिवळ्या गुलाबाच्या जागी एक दिवस गडद लाल फुले दिसू लागतात. म्हणून तिथे जोड जमिनीखाली घेतात. जमिनीवरच्या फांद्या मेल्या तरी मातीआड जातीचा एखादा डोळा वाचतो, आणि कालांतराने कलमाच्या भागालाही स्वतःची मुळे सुटतात.

ढिगाविषयी मात्र आपल्याकडे गैरसमज आहे. तो झाडाला ऊब देण्यासाठी नसतो, झाड एकसारखे थंड ठेवण्यासाठी असतो. हिवाळ्यात मधेच दोन दिवस ऊन पडले, माती वितळली, डोळे जागे झाले आणि तिसऱ्या रात्री पुन्हा गोठले, तर नुसत्या थंडीपेक्षा जास्त नुकसान होते. म्हणून ढीग लावायची घाई तिथे करत नाहीत. दोन-चार कडक दहिवरे (गोठलेले दव) खाऊन झाड निजले की मगच माती चढवतात, आणि ती बाहेरून आणतात. झाडाच्या बुडाची माती ओढून ढीग केला तर मुळेच उघडी पडतात. मिनेसोटात याहून पुढचा प्रकारही आहे: झाडाच्या एका बाजूची मुळे सैल करून ते अख्खे चरात आडवे निजवायचे, माती आणि पाल्याखाली पुरायचे आणि एप्रिलमध्ये उठवायचे. ‘मिनेसोटा टिप’ म्हणतात त्याला.

ऑगस्टनंतर नत्र न देणे, बोंडे धरू देणे, शरदात न छाटणे, हे सगळे झाडाने कोवळी वाढ थांबवून थंडीआधी लाकूड पक्के करावे म्हणून. आणि छाटणी वसंतात, कारण हिवाळ्याने किती फांदी मारली हे तेव्हाच कळते. तपकिरी गाभा लागेपर्यंत उतरायचे आणि पांढरा-हिरवा गाभा दिसला की थांबायचे.

इथे काय झाले

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली आणि शहरभर शेकोट्या पेटल्या. गुलाबाच्या दृष्टीने ती सुखाची रात्र होती. इथल्या डिसेंबर-जानेवारीत दिवसा २८ अंशांच्या आसपास ऊन असते आणि रात्री १२-१३ अंश. झाडाला फुलायला याहून चांगले हवामान वर्षात दुसरे नाही. या गुलाबांना फुलण्यासाठी थंडीची झोप लागतही नाही. त्यांच्या रक्तात चिनी गुलाब आहे, नव्या फुटीच्या टोकाला कळी धरत राहणे हा त्यांचा स्वभाव.

अशा हवेत ओलसर मातीच्या ढिगाखाली झाड निजले नाही, अंधारात जागे राहिले. ढीग काढल्यावर बुडाशी बोटभर लांब पांढऱ्या, रसरशीत फुटी दिसल्या. त्या उजेडात येताच दोन दिवसांत कोळपल्या. ढिगाखालची साल काही झाडांवर काळपट आणि मऊ झाली होती. वाळलेला पाला आणि गोणपाट यांनी वाळवीचीही सोय केली.

पण खरे नुकसान त्याआधीच, पावसाळ्यात, सुरू झाले होते. नागपूरला वर्षाचा सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळ्या मातीतली चिकणमाती फुगली की तिच्यातून पाणी जवळजवळ उतरत नाही. अशा मातीत दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत खत-माती भरली की तो हौद होतो, आजूबाजूचे पाणी त्यात येऊन थांबते. कलमाचा जोड म्हणजे भरून आलेली जखम. तिथली साल एकसंध नसते आणि बुरशीला तिथून आत शिरणे सोपे जाते. तो जोड तीन महिने ओल्या चिकणमातीत राहिला.

मेलेली नऊ झाडे उपटून पाहिली तेव्हा पाचांच्या जोडाची साल नखाने निघून आली, आत तपकिरी आणि आंबूस वास. एकाच्या बुडाशी वाळवीच्या मातीच्या नळ्या होत्या. उरलेली तीन उन्हाने गेली. तिन्ही पश्चिमेच्या भिंतीलगतची.

जोडाच्या बाबतीत नागपूरकराला बाहेरून काही शिकायची गरज नव्हती. काटोल-नरखेडच्या कोणत्याही संत्रा बागायतदाराला विचारा. जंबेरीवरच्या (संत्र्याला वापरतात त्या लिंबाच्या खुंटावरच्या) कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर ठेवायचा, पाणी खोडाला लागू द्यायचे नाही, पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची, नाही तर डिंक्या (खोडातून डिंक गळवणारा बुरशीचा रोग) झाड खातो. गुलाबाची बुरशी वेगळी असेल, पण काळ्या मातीत कलम बुडाशी कुजते ते त्याच रीतीने.

आता मार्चची छाटणी. २० सेंटिमीटरवर छाटलेले झाड दोन-तीन आठवड्यांत फुटते, म्हणजे कोवळी पाने आली ती पारा चाळिशीकडे चढताना. वर युरिया दिलेला, म्हणून फूट आणखी लुसलुशीत. एप्रिलमध्ये कडा करपल्या, मागोमाग लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आली. पानांची सावली गेल्यामुळे नैऋत्येकडची साल उन्हाने भाजली, तिथे भेगा पडल्या आणि त्यातून फांदी काळी पडत खाली उतरली. रोजच्या पाण्याचा त्रास वेगळाच. ज्या झाडाला पानेच नाहीत ते पाणी ओढणार कशाने? वर माती तडकलेली आणि खाली चिखल, अशी अवस्था झाली. पाने मलूल दिसली की घरचे आणखी पाणी घालत. कुजलेल्या मुळांचे झाडही तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते. फरक पाहायचा असेल तर बुडापासून अर्ध्या फुटावर खुरपीने चार इंच उकरून माती मुठीत दाबावी. गोळा झाला आणि हाताला चिकटला तर पाणी बंद.

ऑक्टोबरची छाटणी चुकल्याचे नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यात काही मरत नाही. पण पूर्ण हंगाम गेला. ऑगस्टपासून उपाशी, बोंडांनी लादलेले झाड डिसेंबरात चार-दोन फुले देऊन थांबले. पुढच्या उन्हाळ्याला तोंड द्यायला जे अन्न खोडात साठायला हवे होते ते साठलेच नाही.

सावरणे

जूनमध्ये घाई करायची नसते. वाचलेल्या १५ झाडांची (९ कलमी, ६ नुसते खुंट) बुडाची माती हाताने बाजूला करून जोड उघडा केला. खुरपी वापरली नाही, जोडाला नवी जखम नको. तेवढ्याने बुडाशी खळगा झाला. त्यात पाणी साचू नये म्हणून एका बाजूने वीतभर रुंद चर काढून उताराला सोडला. मेलेला भाग जिवंत लाकूड लागेपर्यंत कापला आणि कापांवर बोर्डो पेस्ट लावली.

पेस्टचे घरगुती प्रमाण: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात चुना, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडे नको. मिश्रणात लोखंडी सुरीचे पाते मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, थोडा वाढवावा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

पावसाळ्यात दुसरे काम फक्त काळ्या ठिपक्याचे. खालची पाने पिवळी पडून गळतात ती गोळा करून अंगणाबाहेर टाकायची, आणि उघडीप मिळाली की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम. पाने ओली असताना फवारून उपयोग नाही.

पाऊस परतेपर्यंत गादीवाफा तयार ठेवला: पूर्वेच्या बाजूला, ५ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच. कडेला विटा, पाणी झिरपायला मधे फटी. भरायला सुमारे ६५ घनफूट माल लागला, पाऊण ब्रासहून (ब्रास म्हणजे १०० घनफूट) कमीच. प्रमाण: दोन भाग मुरमाड लाल माती, एक भाग काळी, एक भाग दोन वर्षांचे कुजलेले शेणखत. काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळून निचरा होत नाही, हा प्रयोग लोक दरवर्षी करतात. जिप्समही चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीला कामाचे, दर काळ्या मातीला नाही.

जागा निवडण्याआधी निचऱ्याची परीक्षा घेतली. दीड फूट खड्डा पाण्याने भरून जिरू द्यायचा, मग पुन्हा भरायचा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल तर तिथे खड्ड्यात गुलाब लावू नये, वाफा उचलून घ्यावा. पश्चिमेच्या भिंतीजवळचा खड्डा दुसऱ्या दिवशीही अर्धा भरलेला होता.

कोजागिरी झाल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला, छाटणी आणि स्थलांतर एकाच दमात केले. हायब्रीड टी ४० सेंटिमीटरवर, फ्लोरिबंडा जरा उंच, दोन तृतीयांश ठेवून. एरवी सशक्त झाड याहून खाली आणता येते, पण दमलेल्या झाडाचे लाकूड हेच त्याचे कोठार. काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या पाऊण सेंटिमीटर वर, तिरपा, धारदार कात्रीने. चेंगरलेला काप म्हणजे शेंडेमरीला आवतण. झाडे मातीच्या गोळ्यासकट उचलून वाफ्यात दोन रांगांत ६० सेंटिमीटरवर लावली, जोड मातीच्या ४ सेंटिमीटर वर ठेवून. नवा वाफा खाली बसतो हे धरून सुरुवातीला आणखी दोन सेंटिमीटर उंच ठेवले.

नवी फूट बोटभर झाल्यावर दर झाडाला निंबोळी पेंड १०० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ३० ग्रॅम, युरिया १० ग्रॅम, पोटॅश १० ग्रॅम, बुडापासून वीतभर दूर, मातीत मिसळून आणि लगेच पाणी. हाडाचे खत सगळे सुचवतात, पण त्यातले स्फुरद आम्ल जमिनीतच सुटते. आपल्या चुनखडीच्या मातीत ते बरीच वर्षे तसेच पडून राहते. याच मातीमुळे आणि बोअरच्या जड पाण्यामुळे कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. ती लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी फवारायचे, पंधरवड्याने पुन्हा.

छाटणीपासून पहिले फूल साधारण ४५ ते ५५ दिवसांनी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नऊपैकी आठ झाडे फुलली. मग काम रोजचे: फूल सुकले की पाच पानांच्या दुसऱ्या पानावर काप, तीन-चार दिवसांआड पाणी, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम. गंधक फेब्रुवारीनंतर फवारू नये, ३२ अंशांवर ते पाने जाळते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कात्रीला फुलांपुरतेच काम.

राखायचा ऋतू मे आहे

मिनेसोटात झाड जितक्या निगुतीने नोव्हेंबरात झाकतात, तितक्या निगुतीने नागपुरात ते मार्चअखेरीस झाकायला हवे. मेमध्ये ४५ अंश ही इथे बातमी नसते. अशा उन्हात फूल लहान येते, पाकळ्या कमी, रंग विटका. ते येऊच देऊ नये, कळ्या खुडून टाकाव्यात. पाने मात्र एकही काढू नये, ती खोडाची छत्री आहेत.

पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी सात-आठ फूट उंचीवर, पश्चिमेला खालपर्यंत उतरवलेली. झाडाला टेकलेली जाळी पाने भाजते. दुपारचे ऊन खाल्लेली भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते, म्हणून वाफा तिच्यापासून किमान तीन फूट दूर हवा. आच्छादन धानाच्या तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे), दोन-तीन इंच, खोडाभोवती चार इंच मोकळे ठेवून. गव्हाचे कुटार (भुसा) चालते, पण ते दाटून बसते. पाणी सकाळी लवकर, झाडाला चार-पाच लिटर. गादीवाफा लवकर सुकतो, त्यामुळे मेमध्ये रोज द्यावे लागते. पानांच्या मागे पाण्याचा फवारा आठवड्यातून दोनदा, सकाळीच. लाल कोळीला कोरडी हवा आवडते.

कूलरच्या टाकीत उरलेले पाणी गुलाबाला घालायची सवय घरोघरी आहे. ती सोडावी. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. कूलरच्या वुडवूलवर (लाकडाच्या तंतूंच्या जाळीवर) जो पांढरा थर दिसतो तोच मुळांशी जमा होतो.

मुलीने कॅनडाचे ‘एक्स्प्लोरर’ गुलाब आणि रुगोसा मागवायचे सुचवले होते. ओटावात त्यांची निवड हिवाळा सोसण्यासाठी झाली, आणि रुगोसा चुनखडीच्या मातीत पिवळा पडतो. मेलेल्या नवांच्या जागी ‘ग्लॅडिएटर’, ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘आइसबर्ग’ घेतले. नवलाईच्या जाती नव्हेत, पण दणकट वाढतात. त्या रोपांसाठी वाफा तीन मीटर वाढवला.

सहा खुंटांचे काय

खुंट फेकले नाहीत. मुळे धरलेला, इथल्या मातीला सरावलेला खुंट रोपवाटिकेत विकत घ्यावा लागतो. पेन्सिलीएवढ्या जाड दोन-दोन सरळ फुटी ठेवून बाकीच्या बुडातून ओरबाडून काढल्या. खुंटाची फूट कापली की तिथूनच चार येतात. सात पानांची फांदी म्हणजे जंगली, हा ठोकताळा फसवा आहे. हायब्रीड टीलाही सात पाने येतात. फांदी जोडाच्या वरून निघाली की खालून, एवढेच पाहावे.

जानेवारीच्या अखेरीस, साल सुटू लागल्यावर, डोळे भरले. आदल्या दिवशी भरपूर पाणी. जमिनीपासून ७-८ सेंटिमीटरवर टी आकाराचा काप, उभी रेघ अडीच सेंटिमीटर, फक्त सालीपुरती. वाचलेल्या झाडांवरची, नुकतेच फूल गळालेली फांदी घेऊन तिच्या मधल्या भागातला फुगलेला पण न फुटलेला डोळा ढालीसारखा कापला, मागचे लाकूड अलगद काढले, देठाचा तुकडा धरायला ठेवला. सालीत सरकवून डोळा उघडा ठेवत प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधले.

तीन आठवड्यांनी देठाला बोट लावताच तो गळून पडला आणि डोळा हिरवा दिसला तर कलम लागले. देठ सुकून चिकटून राहिला तर डोळा मेला. सहापैकी चार लागले. पट्टी मागच्या बाजूने चिरली, खुंटाचा वरचा भाग आधी अर्धा मोडून वाकवला आणि नवी फूट वीतभर झाल्यावर जोडाच्या बोटभर वर कापला. उरलेल्या दोघांत दुसऱ्या फुटीवर डोळा भरायला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा शिल्लक नव्हता. ते जाळीखाली ठेवले आहेत, पुढच्या जानेवारीसाठी.